काळी, पांढरी आणि कासवाचे आवार

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात ताडकळस हे बाजारपेठेचे गाव आहे. भोवताली काळी जमीन. सोयाबीन, हळद, हरभरा पिकतो तो याच मातीत. परंतु जुन्या माणसांनी घरे तिच्यावर बांधली नाहीत. शेत काळीत, गाव पांढरीत, हा मराठवाड्याचा रिवाज. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरील भिंत तडकवते. दुकानामागील परसात कासवासाठी टिकाऊ आवार बांधू पाहणाऱ्या कुटुंबाची गाठ प्रथम या मातीशी पडते.

त्याआधी कासव कोणते, हे पाहावे लागते. मुनिसुव्रतनाथांचे लांछन कासव, आणि गोदाकाठच्या पैठणला त्यांचे अतिशय क्षेत्र; तेव्हा जैन घरांत या जीवाविषयी आपुलकी असणारच. पण गल्ल्याजवळ कासव असले की बरकत येते, या समजुतीवर स्टार कासवांचा चोरटा व्यापार पोसला जातो. ते कासव काय किंवा नदीतळ्यातून उचलून आणलेले काय, घरी ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असे कासव वनविभागाच्या स्वाधीनच करावे लागते. आफ्रिकेतील सुलकाटा कासव पाळता येते, मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर त्याची नोंदणी हवी.

सुलकाटा जातीचाच खणणारा. उन्हापासून बचावासाठी तो लांब बीळ करतो. काळ्या मातीतले बीळ मोठ्या पावसात ढासळते, आणि त्या वेळी कासव आतच असते. म्हणून आवारापुरती काळी उपसून मुरूम भरणे, हा खर्च टाळण्याजोगा नाही. भिंतीचा पाया निदान २ फूट खोल, वरची भिंतही तितकीच उंच आणि भरीव हवी. जाळी कामाची नाही. पलीकडचे दिसले की कासव तेथेच रेटा देत राहते. बिळाऐवजी मुरमाच्या उंचवट्यात सिमेंटचा रुंद पाईप बसवावा, तोंड पूर्वेकडे, तळ आवारापेक्षा हातभर उंच. धान्याची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कोरड्या जागेची किंमत सांगावी लागत नाही.

मे महिन्यात कडुनिंबाची सावली आणि उथळ पाणी पुरते. खरी परीक्षा थंडीची. परभणी परिसरात पारा कधी ५ अंशांपर्यंत उतरतो आणि सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही. रात्री त्याला बंद, उबदार खोली लागते. खाणे हरळी आणि वाळलेले गवत. दारी आलेल्या जीवाला दाणा घालण्याची सवय येथे आवरावी लागते, कारण डाळ आणि धान्य त्याला बाधते.

आज तळहातावर मावणारे पिल्लू पुढे अडीच फुटांचे होते, वजन ५० किलोंच्या घरात जाते, आणि आयुष्य बहुधा आणणाऱ्याहून अधिक असते. म्हणून आवाराचे दार आरंभीच ३ फुटी ठेवावे, आणि नोंदणीचा कागद घराच्या खरेदीखताशेजारी, पुढे सांभाळणाऱ्याचे नाव लिहून.