शेड्यूल दहा हजारांचं, उचल सहा हजारांची

सप्लाय चेन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रक, कंटेनर आणि गोदामं येतात. माझ्यासमोर एक्सेल शीट येते. गेली काही वर्षं मी कंपन्यांसाठी व्हेंडर पोर्टल्स लिहितोय. माल उशिरा पोचला की लगेच बोंब होते. माहिती उशिरा किंवा फुगवून पोचली तर पत्ताही लागत नाही.

डायपरचंच बघा. बाळं काही मूड बघून डायपर वापरत नाहीत, खप बऱ्यापैकी स्थिर. तरी प्रॉक्टर अँड गॅम्बलला दिसलं की वितरकांच्या ऑर्डरी उगाच वरखाली होतायत, आणि कंपनीच्या स्वतःच्या कच्च्या मालाच्या ऑर्डरी त्याहून जास्त. याला नाव पडलं ‘बुलव्हिप इफेक्ट’. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक केवढं तरी फिरतं! हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची कारणं मांडली. त्यात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाला फक्त शेजारच्याची ऑर्डर दिसते, खरी विक्री दिसत नाही. मग जो तो ‘असू दे थोडं जास्त’ म्हणतो.

उपाय सोपा वाटतो: विक्रीचा खरा आकडा मागच्यांना दाखवा. वॉलमार्टने १९९१ मध्ये ‘रिटेल लिंक’ काढून पुरवठादारांना तेच दाखवायला सुरुवात केली. मग सगळेच का करत नाहीत?

याचं उत्तर मला भोसरीतल्या एका व्हेंडरकाकांनी दिलं. छोटं प्रेस शॉप, आठ-दहा माणसं. पोर्टलचं ट्रेनिंग द्यायला गेलो होतो. स्क्रीनकडे बघून म्हणाले, “साहेब, दिसतंय छान. पण शेड्यूल दहा हजारांचं आणि उचलतात सहा. उरलेली कॉइल माझ्या शेडमध्ये, व्याज माझ्या सीसीवर. म्हणून मी सरळ तीस टक्के कापूनच पत्रा मागवतो.” एका महिन्यात मात्र आकडा खरा निघाला. पार्ट कमी पडले, लाइन थांबली आणि डेबिट नोट काकांच्या नावावर!

खरेदीवाला आकडा फुगवतो, कारण व्हेंडर कापणार हे त्याला ठाऊक. व्हेंडर कापतो, कारण तो फुगवलाय हे त्याला ठाऊक. व्हेंडरही धुतल्या तांदळासारखे नसतात म्हणा. प्रेस बंद पडलेला असला तरी फोनवर “होईल साहेब” चालूच. आता यावर तुम्ही कितीही फास्ट सर्व्हर लावा, खोटा आकडा फक्त लवकर पोचेल :)

२०२० मध्ये हेच जगभर झालं. लॉकडाऊनमध्ये कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कापल्या, ती क्षमता लॅपटॉप-मोबाईलकडे गेली, आणि मागणी परतली तेव्हा चिप मिळेनात. टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर पुरवठादारांच्याही पुरवठादारांची माहिती गोळा केली होती, चिपचा साठाही ठेवायला लावला होता. त्यांनी इतरांपेक्षा जास्त तग धरला. सप्टेंबर २०२१ मध्ये मात्र त्यांनाही उत्पादन कापावं लागलं.

असो. मी एक कॉलम सुचवलाय: मागच्या सहा महिन्यांचं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल, शेजारी-शेजारी, दोघांनाही दिसेल असं. कोडिंग अर्ध्या दिवसाचं. मंजुरीला चार महिने झाले.