माघातला गोंदिया : एका सरहद्दीची दैनंदिनी

माघ शुद्ध त्रयोदशी, गोंदिया

हिवाळाभर कॅनडाच्या अतिउत्तरेविषयी मिळेल ते वाचण्याचा छंद जडलेला असल्यामुळे, हावड्याच्या गाडीतून गोंदियाच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा मनात तारखांचा एक योगायोग घोळत होता. 1 एप्रिल 1999 रोजी कॅनडाने आपल्या वायव्य प्रदेशाचा पूर्वभाग वेगळा काढून नुनावुत नावाचा नवा प्रदेश स्थापन केला. आणि बरोबर एका महिन्याने, 1 मे 1999 रोजी, भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन महाराष्ट्राच्या ईशान्य सरहद्दीवर गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला.

साम्य येथेच संपते. नुनावुतचा विस्तार महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट, आणि वस्ती मात्र 2021 च्या खानेसुमारीप्रमाणे 37 हजारांच्या आतबाहेर. गोंदियात 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे 13 लाख 22 हजार माणसे. नुनावुतची राजधानी इकालुइट हिला दक्षिणेकडून जाणारी सडक आजही नाही, विमान आणि उन्हाळ्यातली जहाजे एवढाच तिचा आधार. गोंदिया तर जंक्शन. येथूनच जबलपूरला जाणारी सातपुड्याची अरुंद लोहमार्गाची गाडी सुटत असे. आता तो मार्ग रुंद झाला आहे. महत्त्वाचा भेद निराळाच आहे. तेथल्या मूळनिवासी इनुइट लोकांनी आपल्या भूमीच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे वाटाघाटी केल्या, 1993 साली करार झाला, आणि त्या करारातून नुनावुत जन्मास आले. गोंदिया जिल्हा कारभाराच्या सोयीसाठी झाला. या भेदाचा पडताळा जागोजागी पाहावा, असे मनाशी योजून शहराचा फेरफटका केला. भाताच्या गिरण्या, विड्यांचा आणि तेंदूपानांचा व्यापार, आणि बाजारात एकाच दुकानापुढे मराठी, हिंदी, पोवारी व छत्तीसगढी अशा चार बोलींत चाललेली घासाघीस, एवढे पाहून संध्याकाळ झाली.

माघ शुद्ध चतुर्दशी, परसवाडा

महाराष्ट्रात सारस पाहावयाचा तर याच मुलखात यावे लागते. वैनगंगा व बाघ या नद्यांच्या काठची भातशेती आणि तिला लागून असलेले तलाव हे त्याचे ठाणे. धुके विरळ होताच बांधापलीकडे एक जोडी दिसली. माणसाच्या उंचीचे, करड्या रंगाचे, लालबुंद मानेचे ते दोन पक्षी चिखलात चोच खुपसून सावकाश चालत होते. मग एकाने मान आभाळाकडे करून तुतारीसारखा सूर लावला आणि दुसऱ्याने तो पुरा होण्याआधीच उचलून धरला. पावसाळ्यात सारस भाताच्या बांदीतच पाणवनस्पतींचा ढीग रचून घरटे करतो. शेतकरी त्याला हुसकावीत नाहीत काय, असे विचारताच बांधावरचा वृद्ध गृहस्थ म्हणाला, “पाहुणे नाही होत जी ते, घरचेच होत.”

तरीही जिल्ह्यातल्या अलीकडच्या गणनांत सारसांची संख्या तिसाच्या आसपास घुटमळते आहे. विजेच्या तारा, कीटकनाशके आणि आटत चाललेल्या पाणथळ जागा ही त्याची कारणे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. निराश होण्याचे मात्र प्रयोजन नाही. कॅनडाचा शुभ्र क्रौंच (हूपिंग क्रेन), ज्याची घरटी उत्तरेकडच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात 1954 साली सापडली, तो 1941 मध्ये सारे मिळून वीस-बावीस उरला होता. शिकारबंदी, राखीव पाणथळी आणि दशकांची चिकाटी यांच्या बळावर आज त्याची संख्या पाचशेच्या वर गेली आहे. तेथे कायदा होता, येथे कायद्याच्या जोडीला शेतकऱ्याचे ममत्वही आहे.

माघ पौर्णिमा, कचारगड

दरेकसा स्थानकापासून धनेगावकडे जाणारी वाट आज माणसांनी फुललेली होती. मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेले गोंड यात्रेकरू पिवळे दुपट्टे गळ्यात घालून, सप्तरंगी झेंडे खांद्यावर घेऊन डोंगर चढत होते, आणि वाटेत भेटेल त्या परक्यालाही “जय सेवा” म्हणत होते. कथा अशी सांगतात की, कली कंकालीची तेहतीस मुले कचारगडच्या गुहेत कोंडली गेली होती, आणि पारी कुपार लिंगो, माता जंगो व किन्नरीवादक हिरासुका यांच्या पराक्रमाने ती मुक्त झाली. दाराची शिळा हलली खरी, परंतु तिच्याखाली हिरासुकाचा अंत झाला. पुढे लिंगोने त्या मुलांना कोया पुनेम या गोंडी धर्माची शिकवण दिली, असे परंपरा मानते. वादकाच्या बलिदानावर ज्याची उभारणी झाली, त्या धर्माच्या यात्रेत ढोल अखंड वाजत असावा, यात नवल ते काय!

मडावी, उईके, टेकाम, कुमरे ही आडनावे दप्तरात केवळ नावे म्हणून नोंदली जातात. परंतु गोंडांच्या लेखी प्रत्येक आडनावामागे चार, पाच, सहा किंवा सात देवांचा गट उभा असतो, आणि सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न त्या देवांचा असतो, कारण एका गटातले स्त्रीपुरुष भाऊबहीण मानले जातात. येथे मला इनुइटांची कैफियत आठवली. त्यांच्यात आडनावाची चालच नसल्यामुळे कॅनडाच्या सरकारने 1941 पासून प्रत्येकास क्रमांक कोरलेली वाटोळी चकती दिली, आणि ती गळ्यात बाळगण्याचा हुकूम केला. 1968 नंतर आबे ओकपिक या इनुइट गृहस्थानेच गावोगाव हिंडून लोकांकडून आडनावे गोळा केली, तेव्हा कोठे त्या क्रमांकांचा अंमल संपत आला.

पायथ्याशी पुस्तकांची दुकाने होती. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये रचलेली लिपी तेथल्या एका तक्त्यावर पाहिली. इनुइटांची आजची अक्षरे ज्या क्री लिपीपासून आली, ती 1840 च्या सुमारास जेम्स इव्हान्स या पाद्र्याने रचताना देवनागरीचा आधार घेतला असावा, असे काही अभ्यासक मानतात. आपल्या बाराखडीची छाया ध्रुवप्रदेशापर्यंत पोचली असल्याची ही शक्यता कोणाही मराठी माणसाला सुखावणारी आहे.

माघ वद्य प्रतिपदा, नवेगाव बांध

अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील नावाच्या कोहळी गृहस्थाने सात डोंगरांच्या मधल्या खिंडी बुजवून हा विस्तीर्ण तलाव बांधला. त्या डोंगरांना लोक सातबहिणी म्हणतात. आणि कोलू स्वतः कोलासुर देव होऊन त्यांतल्याच एका शिखरावर बसला आहे. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा हा कोहळी समाज ऊस आणि भात पिकवीत आला, आणि पूर्व विदर्भभर त्याने तळी व बोड्या खणल्या. मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, आणि त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी’चे संक्षिप्त ‘मामा तलाव’ होऊन राहिले. या रानात मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून वर्षे काढली आणि मराठी वाचकाला ही भूमी ओळखीची करून दिली.

पाण्यावर सुईसारख्या शेपटीची बदके तरंगत होती. ही जात ध्रुवाभोवतीच्या सर्व देशांत वीण करते. आपल्याकडे येतात ती सायबेरियाच्या बाजूची, आणि कॅनडातली त्यांची भावंडे याच दिवसांत अमेरिकेच्या दक्षिणेस उतरलेली असतात.

माघ वद्य द्वितीया, गोठणगाव

इटियाडोह धरणाच्या परिसरात, भाताच्या बांद्यांना लागून, अकस्मात प्रार्थनेच्या पताका फडकताना दिसल्या. ही नोरग्येलिंग, 1972 साली वसविलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. हिमाच्छादित पठारावरची माणसे पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात येऊन भात लावू लागली, आणि थंडीत स्वेटर विकण्यासाठी शहरोशहरी हिंडू लागली, या घटनेतली जिद्द शब्दांत मावणारी नाही. कॅनडानेही त्याच सुमारास 228 तिबेटी निर्वासितांना आश्रय दिला होता. त्यांना निदान हवा तरी ओळखीची मिळाली. लोसर, म्हणजे तिबेटी नववर्ष, पंधरवड्यावर आल्यामुळे घरे रंगविण्याचे काम चालले होते, आणि गावोगाव गेलेले विक्रेते परतू लागले होते.

येथली मुले तिबेटी अक्षरे गिरवितात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. आणि त्याच क्षणी कचारगडच्या तक्त्यावरची लिपी आठवली. नुनावुतने 2008 साली कायदा करून इनुइट भाषेला इंग्रजी व फ्रेंच यांच्या बरोबरीने राजभाषेचे स्थान दिले, तेही अवघ्या काही हजार लोकांसाठी. गोंडी बोलणारे आपल्या देशात तीस लाखांच्या घरात असूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. गोंदियात आदिवासींचा हिस्सा सहाव्या भागाच्या आसपास असल्यामुळे येथे नुनावुतची नक्कल करता येणार नाही, हे मान्यच आहे. परंतु शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली; जे एका खेड्याला साधले, ते राज्य सरकारने सालेकसा आणि देवरी तालुक्यांत निदान पहिल्या दोन इयत्तांपुरते तरी करून दाखवावे.