गिरणगावच्या घरातले वाणसामान

गिरणगावातल्या घराचे वाणसामान कधी एका दुकानातून भरले जात नसे. धान्य आणि साखर रेशनवर, डाळी-तेल-गूळ कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वहीवर, भाजी व मासळी रोजच्या रोज मंडईतून. आणि ज्यांचे कोकणातले घर उघडे असे त्यांच्याकडे कुळीथ, आमसुले, उकडे तांदूळ गावाहून येत. मुंबईत रेशनिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 साली, सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे रेशनकार्ड हा घरातला सर्वांत जपून ठेवलेला कागद होता. कोणती वस्तू कुठून आणायची हे ठरवणे, हाच घरखर्चाचा पहिला भाग. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत साठवणीला पोटमाळा आणि फळीवरचे डबे एवढीच जागा असे, त्यामुळे नको ते घेतलेले फार दिवस लपून राहत नसे. पुढील माहितीला प्रस्तुत लेखिकेच्या दोन घरांचा, लालबागच्या माहेरचा आणि दादरच्या सासरचा, आधार आहे.

या भागात काटकसर एकेकट्या घराने केलेली नाही. नायगावात 1948 साली कामगारवस्तीतल्या लोकांनी ग्राहकांची सहकारी संस्था उभी केली. तीच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घराघरांत पोचली. 1972 मध्ये, दुष्काळ आणि भाववाढीच्या दिवसांत, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि हातात लाटणी घेऊन बायका मोर्चाने निघाल्या. तेल, साखर, रॉकेल माफक दरात मिळावे ही मागणी त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून आलेली होती, म्हणूनच पक्षाचा झेंडा न पाहता शेजारणी एकमेकींना बोलावून नेत. 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने मोर्चाच्या पुढची पायरी गाठली. शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, सगळ्यांची महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पैसे जमा करायचे. सामान एकत्र खरेदी होऊन संघातल्या एका घरी उतरते आणि तिथून सभासद आपापला वाटा नेतात. दुकानाचे भाडे नाही, सजावट नाही, उधारी नाही.

या पद्धतीत भावातला फरक हा फायदा आहेच, पण दादरच्या घरातल्या अनुभवावरून पाहता खरी बचत यादीतून होते. पुढच्या महिन्यात तूरडाळ किती लागेल, शेंगदाणे किती, उपासाचे दिवस किती, पाहुणे येणार का, हे आधी ठरवावे लागते. एकदा मागणी नोंदवली की मोह संपला. ज्या घरात सामान जाता-येता आणले जाते तिथे रव्याचा पुडा अर्धा उरलेला असताना दुसरा येतो आणि पावसाळ्यात दोन्हींत पोरकिडे होतात. संघाचे सामान ज्या घरी उतरे, तिथे त्या दिवशी डाळींची पोती, साबणाच्या वड्या, तेलाचे डबे आणि दहा-बारा जणींच्या गप्पा असत. कोणाची चकली हसते, कोणाचे पोहे मऊ पडतात, यावरचे उपाय तिथेच मिळत.

वर्षाची एकच खरेदी अशी, की जिच्यासाठी आजही लांब राहायला गेलेली माणसे लालबागला परत येतात: मसाला. लालबागच्या मसाला गल्लीत मार्च ते मे या महिन्यांत पाऊल ठेवले की आधी शिंक येते. ब्याडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी, काश्मिरी आणखी लालीसाठी; या मिरच्यांचे प्रमाण हे प्रत्येक घराचे स्वतःचे असते आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडीच येते. त्यानंतर धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, शहाजिरे, हळकुंड, हिंग. पूर्वी मिरच्या चाळीच्या गच्चीवर वाळत घालून देठ खुडण्याचे काम साऱ्या मजल्यावरच्या बायका मिळून करीत. आता बहुतेक दुकाने देठ काढलेली मिरचीही देतात आणि मोठ्या कढईत सगळे भाजूनही देतात. भाजलेला जिन्नस डंकावर कुटायला जातो. डंकाचा मुसळासारखा दांडा वरून आपटत राहतो आणि मसाला चक्कीतल्यासारखा तापत नाही, म्हणून वास टिकतो. कुटताना आपला नंबर सोडून जायचे नाही, हा लेखिकेच्या माहेरचा नियम होता, कारण आपल्याच मिरच्या आपल्या पिशवीत येतात की नाही हे स्वतः पाहिले पाहिजे.

हा मसाला पाकिटातल्या साध्या तिखटापेक्षा दरवेळी स्वस्त पडतो असे म्हणता येणार नाही. चांगली ब्याडगी महाग असते, आणि एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम बाहेर पडते. परंतु असा मसाला कमी लागतो, आणि बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवला तर वर्षभर टिकतो. मुख्य म्हणजे त्या एकाच बरणीवर माशाचे कालवण, काळ्या वाटाण्याची आमटी, मटकीची उसळ, बटाट्याचा रस्सा सगळे होते. प्रत्येक पदार्थासाठी वेगळे पाकीट घ्यावे लागत नाही. दोन-तीन घरांनी मिळून मसाला केला तर खड्या मसाल्याची खरेदी मोठी होते आणि दुकानदार भाव कमी करतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते या शहरातल्या घरगुती खर्चात याहून समाधानाची दुसरी खरेदी नाही. मसाला झाला त्या दिवशी घरी नुसता गरम भात, त्यावर कच्चे तेल आणि चिमूटभर नवा मसाला खाण्याची रीत होती.

मसाल्याबरोबरच सुक्या मासळीची बेगमी होई. 1 जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद होते आणि ओली मासळी महागते, म्हणून मे संपण्याच्या आत सुके बोंबील, सुकट, सोडे घेऊन, पुन्हा ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. मूठभर सुकटीत कांदा आणि आमसूल घातले की भाकरीबरोबर चार माणसांचे जेवण निभावते.

भाजीचा हिशेब वेगळा. दादर स्थानकाच्या पश्चिमेला पहाटे भाजीचा घाऊक बाजार भरतो. दोन शेजारणींनी मिळून तिथून पाच किलो टोमॅटो किंवा मटार आणून वाटून घेणे परवडते, एकटीने आणून सडवणे परवडत नाही. गिरगावकरांना ग्रँट रोडची भाजी गल्ली जवळची, परळकरांना शिरोडकर मंडई. संध्याकाळ उलटल्यावर भाजीवाली उरलेल्या मालाचे वाटे लावते, आणि त्याच दिवशी शिजवायची असेल तर वाट्यातली भाजी घेण्यात काहीच कमीपणा नाही. पावसाच्या सुरुवातीला पालघर-रायगडकडच्या बायका टाकळा, कुर्डू, शेवळे, फोडशी घेऊन बसतात. बाकीच्या भाज्या महागलेल्या असताना या रानभाज्या स्वस्त असतात, मात्र त्यांची माहिती लागते: शेवळे नीट साफ करून काकडे किंवा चिंच घातल्याशिवाय शिजवली तर घसा खाजतो. विकणारीलाच विचारावे, ती नीट समजावून सांगते.

स्वयंपाकात सर्वांत जास्त पैसा वाचतो तो कडधान्यात. मटकी, मूग, वाल भिजवून मोड आणले की दुपटीहून अधिक भरतात. गिरगावच्या पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत वालाच्या बिरड्याला सणाचा मान आहे, आणि तो योग्यच आहे. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. हे सोलण्याचे काम कंटाळवाणे वाटते, पण चारजणी ताटाभोवती बसल्या की अर्ध्या तासात उरकते. नंतर ओले खोबरे, गूळ, आमसूल. दमट हवेत मोड लवकर आंबूस होतात, म्हणून मुंबईत फडके दिवसातून एकदा धुवून पुन्हा बांधावे लागते.

आठवड्याची आखणीही मोडांवरून होते. सोमवारी भिजवलेली मटकी बुधवारी उसळ, गुरुवारी तिचाच उरलेला रस्सा फरसाण घालून मिसळ. आदल्या दिवशीच्या भाताला फोडणी, पोळ्यांचा कुस्करा, दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, कोथिंबिरीच्या काड्या टोमॅटोच्या सारात. यातले काहीही उरलेले म्हणून वाढले जात नाही. गरम, कुरकुरीत कुस्करा मुले मागून खातात.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. कित्येक कुटुंबे गावी परतली. जी राहिली, त्यांतल्या अनेक घरांत बायकांनी डबे आणि खानावळी चालवून घर सावरले. खानावळ चालवणाऱ्या बायकांची संघटना या भागात आधीपासून होती. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. महिनाभर सामान कसे पुरवायचे हे घरी शिकलेले गणित या खानावळींत कामी आले.

त्या काळापासून लालबागच्या घरात महिन्याचे शेवटचे चार दिवस कुळथाच्या पिठीचे असत. तेलात लसूण लाल करायची, कांदा, मिरची, पाणी, आमसूल. पाणी उकळले की भाजलेल्या कुळथाचे पीठ एका हाताने भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळायचे, म्हणजे गुठळी होत नाही. वर खोबरे असेल तर खोबरे. भात, पिठी आणि भाजलेला पापड एवढ्यावर जेवण होते. आता पगार वेळेवर येतो, तरीही महिना संपत आला की दादरच्या घरात पिठी होते, कारण ती सगळ्यांना आवडते.