अमुक गाडी किंवा तत्सम

बर्लिनमध्ये घर बदलायचं म्हटलं की लोक ठरावीक गोष्टी विचारतात. भाडं किती, हीटिंग त्यात धरलंय का, मेट्रो किती लांब, तळघरात सामान ठेवायला खोली मिळते का. खाली भाजीवाला कोण आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. इथे रविवारी दुकानं बंद असतात आणि बंद म्हणजे अगदी बंद, अर्धं शटर वर करून मागच्या दाराने सामान देणारा कुणी नाही. रविवारच्या विश्रांतीला जर्मनीच्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे, तेही १९१९ च्या वायमार घटनेतून जसंच्या तसं उचललेलं. बर्लिनच्या सरकारने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले होते. त्यावर चर्चवाले कोर्टात गेले आणि २००९ मध्ये घटना न्यायालयाने ती मोकळीक घटनेत बसत नाही असं ठरवलं. तेव्हा शनिवारी संध्याकाळी घरात जे नाही ते सोमवारपर्यंत नाही. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान गाठायचं. तिथे अर्धं बर्लिन दुधाची पिशवी हातात घेऊन रांगेत उभं असतं.

गेल्या वर्षी आम्ही लिश्टेनबर्गहून वेडिंगला राहायला आलो. लिश्टेनबर्ग पूर्व बर्लिनमधलं, वेडिंग पश्चिमेतलं, फ्रेंचांच्या ताब्यात होतं त्या भागातलं. भिंत पडली १९८९ मध्ये, पण भाजीच्या बाजारात ती अजून उभी आहे. पूर्व जर्मनीने १९८० च्या करारानंतर व्हिएतनामहून कामगार आणले, म्हणून लिश्टेनबर्गमध्ये डोंग शुआन सेंटर हा प्रचंड व्हिएतनामी बाजार. पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी करार केला, म्हणून वेडिंगमध्ये दर दोन चौकांनी तुर्की भाजीवाला. तिकडे कारली मिळायची, हिरवी पपई मिळायची, पण त्यासाठी ट्राम पकडून जायचं आणि गोदामासारख्या लांबलचक शेडमधून पाय दुखेपर्यंत फिरायचं. इथे जिना उतरला की दुकान.

ही तुर्की माणसं मुळात कारखान्यांसाठी आणलेली. १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीने भरती थांबवली, पुढे कारखान्यांतली कामंही आटली आणि अनेकांनी स्वतःचं काहीतरी सुरू केलं. कुणी कपडे शिवायला लागलं, कुणी कबाब विकायला, कुणी भाजी. आमच्या खालच्या दुकानात गल्ल्यावर नातू बसतो आणि फर्डं बर्लिनी जर्मन बोलतो. आजोबा दुपारनंतर ऑलिव्हच्या पिंपांशेजारी खुर्ची टाकून बसतात. धंद्यात लक्ष घालत नाही असं दाखवतात, पण कलिंगड निवडायचं असलं की नातूही त्यांच्याकडेच बघतो.

दुकानाची खरी मजा फुटपाथवर. प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरून त्यावर क्रेट तिरके लावलेले. जर्मन सुपरमार्केटात कोथिंबीर इवल्याशा कुंडीत मिळते. दोनदा आमटीवर पेरली की संपली. इथे जुडी म्हणजे जुडी, मुळांसकट, माती लागलेली, एका मुठीत न मावणारी. पुदिना तसाच. पार्सली तर भाऱ्याने, कारण ते लोक ती कोथिंबिरीसारखी वर पेरत नाहीत, तिचीच कोशिंबीर करून खातात. वांगी लांबही मिळतात आणि भरायला चालतील अशी लहानही. भेंडी बोटाच्या पेराएवढी. टोमॅटोचे चार प्रकार, चार भाव, आणि जाळीच्या पिशवीत बांधून अर्धा किलो गळ्यात मारणं नाही. उचला, दाबा, वास घ्या, नको असेल तर परत ठेवा. मी भेंडीचं टोक मोडून बघते. कुणी काही म्हणत नाही, कारण शेजारी हेडस्कार्फ बांधलेली बाई माझ्याआधीच मोडून मोकळी झालेली असते.

मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या. परदेश म्हणजे काय ते त्यांना म्युझियममध्ये फारसं कळलं नाही. या फुटपाथवर कळलं. तिसऱ्याच दिवशी त्या एका क्रेटसमोर थबकल्या. मांसल बुटकी पानं, लालसर देठ.

“अगं, ही घोळ! आपल्याकडे बांधावर उगवते, कुणी विकत घेत नाही.”

तुर्की लोक घोळ कच्चीच दह्यात घालून, वर लसूण चुरडून खातात. सासूबाईंनी हरभऱ्याची डाळ भिजवून तिची भाजी केली आणि वाटीभर खाली आजोबांना पाठवली. वाटी रिकामी परत आली नाही. तीत हिरवीगार, टणक, बोराहून जरा मोठी फळं होती. हे कच्चे प्लम. वसंतात थोडेच दिवस येतात आणि त्या दिवसांत तुर्की माणसं ते मिठात बुडवून कराकरा खातात. भाव ऐकला तर आपण एखाददुसराच उचलू. सासूबाईंनी मिठाबरोबर तिखटही काढलं. त्या दुपारी आमच्या बाल्कनीत जे डोळे मिटणं आणि टाळ्याला जीभ लावणं चाललं होतं, त्याला कैरीचा मोसम सोडला तर तोड नाही.

(याच दिवसांत जर्मन शेजारी पांढऱ्या शतावरीसाठी वेडे झालेले असतात. २४ जूनला तिचा मोसम संपतो, तोवर प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर तीच. उकडून, लोणी ओतून. मी खाल्ली आहे. असो.)

जर्मन सुपरमार्केटला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडचे डाळ-तांदूळ नाहीत पण दूध, दही, ब्रेड झकास आणि स्वस्त. फक्त गल्ल्यावरची बाई ज्या वेगाने वस्तू सरकवते त्या वेगाने पिशवीत भरणं माझ्याच्याने होत नाही. बाटल्या परत घेणारं यंत्र मात्र मला मनापासून आवडतं. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीमागे ८; पोतं रिकामं करायचं, चिठ्ठी घ्यायची, तेवढे पैसे बिलातून वजा. सासूबाईंनी रद्दीवाल्याशी आयुष्यभर घासाघीस केली आहे. हे यंत्र घासाघीस करत नाही याचं त्यांना वाईटच वाटलं.

तर त्याच मे महिन्यात भाड्याने गाडी घ्यायची वेळ आली. सासूबाईंचे गुडघे, स्टेशनांचे जिने आणि श्प्रेवाल्ड बघायची हौस. बर्लिनच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर श्प्रे नदी असंख्य फाट्यांत पसरते. तिथल्या लेडे गावात उन्हाळ्यात टपाल होडीने वाटतात. तिथल्या काकडीच्या लोणच्याच्या नावाला युरोपीय संघाचं संरक्षण आहे. हे सगळं मी सासूबाईंना रंगवून सांगितलेलं, त्यामुळे माघार नव्हती.

लायसन्सची भानगड मी आधीच उरकली होती. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. नंतर प्रथमोपचाराचा कोर्स, डोळ्यांची तपासणी, लेखी परीक्षा आणि परीक्षकाला मागे बसवून गाडी चालवून दाखवणं. पुण्याच्या टिळक रोडवर कित्येक वर्षं गाडी चालवली आहे, हे परीक्षकाला सांगून उपयोग नसतो. सांगूच नये. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे शिकण्यासारखंच आहे. तक्रार आहे ती गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या काउंटरबद्दल.

बुक करताना फोनवर गाडीचा फोटो असतो. निळी, छोटी, आपल्या गल्लीत मावणारी. खाली बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’. तत्सम म्हणजे काय ते कंपनी ठरवते. मी ऑटोमॅटिक घेतली होती, कारण इथे डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकावा लागतो आणि माझा डावा हात अजूनही दरवाज्यात गिअर शोधतो. ऑटोमॅटिकला पैसे जास्त, तेही कबूल. काउंटरवरचा तरुण आनंदाने म्हणाला, “अभिनंदन! तुम्हाला वरच्या वर्गातली गाडी देतोय, जादा पैसे न घेता.” बाहेर टेम्पोएवढी धिप्पाड काळी गाडी उभी होती, तीही गिअरची. ऑटोमॅटिक? ती शिल्लक नाही. मग छोटी? तीही नाही. वरचा वर्ग मिळाल्यावर माणूस कुरकुर कशी करतो हेच त्याला कळेना. आपण पैसे गाडीचे भरलेले नसतात, वर्गाचे भरलेले असतात. भाजीवाल्याने वांग्यांचे पैसे घेऊन ‘वरच्या वर्गातलं’ म्हणून भोपळा दिला असता तर आजोबांनी नातवाला खुर्चीतूनच हाक मारली असती.

मग अनामत. बँकेचं साधं कार्ड चालत नाही, क्रेडिट कार्डच हवं, तेही चालवणाऱ्याच्या नावाचं. कार्ड नवऱ्याचं, लायसन्स माझं. नवऱ्याने परीक्षा दिलेली नाही म्हणून त्याच्या नावावर गाडी मिळत नाही. माझ्या नावावर जर्मन क्रेडिट कार्ड नाही म्हणून माझ्याही नाही. एका घरात राहतो, एका बिछान्यावर झोपतो, पण कंपनीच्या लेखी आमचा संबंध नाही. शेवटी पाकिटाच्या तळातून माझं पुण्याच्या बँकेचं कार्ड निघालं आणि युरोंतली अनामत रुपयांत अडकून पडली. मागे सासूबाई बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “अगं, गाडी विकत घेतोय का आपण?”

विमा भाड्यात धरलेला होता. पण नुकसान झालं तर पहिले साडेनऊशे युरो आमचे. ते शून्यावर आणायचे तर रोजचे वेगळे पैसे, आणि काच व टायर त्यातही येत नाहीत. शहरातली शाखा शनिवारी दुपारी बंद होते, रविवारी तर कुलूपच. म्हणजे परत करताना बघायला माणूस नाही: पार्किंगच्या तळमजल्याखाली दोन मजले उतरायचं, एका मिणमिणत्या दिव्याखाली गाडी लावायची, किल्ली पेटीत टाकायची. विमानतळावरची शाखा रविवारीही उघडी असते, पण तिथला भाव चढा, आणि वेडिंगहून तिथवर जाणं म्हणजे शहर आडवं कापून जाणं. रस्त्यात उभ्या असलेल्या, मिनिटावर भाड्याने मिळणाऱ्या गाड्याही आहेत. शहरात त्या ठीक. पण शहराबाहेर त्यांचं भाडं संपवता येत नाही, म्हणजे आपण होडीत बसलेलो असताना काठावर मीटर चालू.

श्प्रेवाल्ड सुंदर आहे. होडी सपाट तळाची, नावाडी मागे उभा राहून लांब बांबूसारख्या काठीने ती ढकलतो, घराघरासमोर पाणी. सासूबाईंनी शेपू घातलेली काकडी चाखली आणि मीठ कमी पडलंय असा निकाल दिला. धिप्पाड गाडी तिथल्या अरुंद रस्त्यांवरून मी दात-ओठ खाऊन नेली-आणली.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. डाव्या मागच्या चाकाच्या रिमवर ओरखडा. दुरुस्ती इतकी, वर कागदपत्रांच्या कामाचं शुल्क. नवऱ्याने गाडी घेताना चारही बाजूंनी संथ व्हिडिओ काढला होता. तेव्हा मी त्याच्यावर वैतागले होते, लग्नाचं शूटिंग चाललंय का म्हणून. त्या व्हिडिओत तोच ओरखडा, त्याच रिमवर, सासूबाई गाडीत बसायच्याही आधीचा. आम्ही तो पाठवला. बऱ्याच दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: आपला दावा आम्ही सौजन्य म्हणून मागे घेत आहोत. सौजन्य! अनामत त्यानंतर सुटली, तोवर रुपयाचा भाव बदललेला.

आता ऑक्टोबरमध्ये दीर येतोय. त्याला ऑटोबानवर गाडी पळवायची आहे. बऱ्याच पट्ट्यांवर वेगाची सक्तीची मर्यादा नाही, १३० हा नुसता सल्ला, हे त्याने साताऱ्यात बसून वाचून ठेवलंय. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय परवाना जोडला की त्याचं भारतातलं लायसन्स इथे चालतं, कारण तो पाहुणा; त्याच्या थोरल्या भावाचं चालत नाही, कारण तो इथला. क्रेडिट कार्डही त्याच्या स्वतःच्या नावाचं आहे. तेव्हा या खेपेला काउंटरवर भावोजीच उभे राहणार, मी आजोबांच्या शेजारी ऑलिव्ह चाखत बसणार. ऑक्टोबरपासून हिवाळी टायरचे पैसे वेगळे लावतात. ते त्याला अजून सांगितलेलं नाही.