मखमलीतली शिंगं

डिसेंबरातली सकाळ. नागझिऱ्याच्या तळ्यावर धुकं अजून रेंगाळत होतं. चितळांचा कळप पाण्याकडे उतरला आणि त्यातल्या एका नरावर माझी नजर खिळली. त्याच्या शिंगांना अजून अणी नव्हत्या. बोथट, गोलसर, बाळसं धरलेली शिंगं आणि त्यांवर करड्या लवेची मखमल. मागून उन्हाची तिरीप आली तशी त्या लवेची कड उजळून निघाली. फांदी आडवी आली की तो मान कलती करून सरके. डोईवर भरली घागर घेतलेली बाई चालते ना, तितक्या जपून.

या दिवसांत ती शिंगं जिवंत असतात. मखमलीखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं; लागलं तर दुखतं, रक्त येतं. म्हणून नर भांडले तरी शिंगं लावत नाहीत, मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी हाणतात. माजाचा काळ जवळ आला की आतलं हाड टणक होतं, मखमलीचं रक्त आटतं. नर खोडावर शिंगं घासतो, लक्तरं लोंबतात आणि उघडं पडतं ते टोकदार, मेलेलं हाड.

दिवाणखान्यात टांगायला शिकाऱ्याला हवं असायचं ते हेच हाड. इंग्रजी अमदानीतल्या शिकाऱ्यांत मखमलीतला नर मारू नये असा दंडक होता. लहानपणी हे वाचलं तेव्हा मला ती दया वाटली होती. ती दया नव्हती. कोवळ्या शिंगाला भिंतीवर मोल नव्हतं. शिंग मरेपर्यंत बंदूक थांबायची, इतकंच. दुसरीकडे न्यूझीलंडच्या हरीणपालनात मखमलीतलीच शिंगं कापून औषधासाठी चीन-कोरियाला धाडतात. मेलेल्या शिंगाला गिऱ्हाईक आहे, जिवंतालाही आहे.

आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेही गेले. त्या सकाळी तो नर पोटभर पाणी प्यायला, कानानं माशी झटकली आणि आल्या वाटेनं बांबूत शिरला. या कायद्याचं ऋण मला तेव्हा कळलं.

हिवाळ्यात विदर्भातल्या जंगलात गेलात तर अशा नराच्या अंगावर गाडी घालू नका. बिथरून तो झुडपात घुसतो आणि कोवळं शिंग दुखावतं. गळून पडलेलं शिंग वाटेत दिसलं तरी उचलू नका. ते सायाळ कुरतडते. तिला त्यातला चुना लागतो.