पुन्हा कट्यार

‘कट्यार काळजात घुसली’ पुन्हा रंगमंचावर येतंय म्हटल्यावर आत्यानं एवढंच विचारलं, “खाँसाहेब कोण करतंय?” राहुल देशपांडे, वसंतरावांचा नातू, असं मी सांगितलं. “नातू असून भागत नाही बाळा, गाता आलं पाहिजे,” ती म्हणाली. तिकिटं काढायला मात्र तिनंच पिटाळलं.

तिची धास्ती मला कळत होती. 24 डिसेंबर 1967 ला नाट्यसंपदेनं पहिला प्रयोग केला, तेव्हापासून खाँसाहेब आफताब हुसेन म्हटलं की तिच्या पिढीला वसंतरावच दिसतात. संहिता पुरुषोत्तम दारव्हेकरांची, चाली अभिषेकीबुवांच्या; पण घरी गोष्टी निघायच्या त्या वसंतरावांच्या तानांच्या. माझ्या पिढीनं हे नाटक कॅसेटवरच ऐकलं. पदं तोंडपाठ, पण कुठलं पद कोण कशासाठी गातं, याचा पत्ता नाही.

2010 साली सुबोध भावे यांनी ते नव्यानं बसवलं आणि पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आम्हाला ते पाहायला मिळालं. तिसऱ्या घंटेला सभागृह भरलेलं होतं. पांढऱ्या केसांची मंडळी होती, तशी गाणं शिकणारी मुलंमुलीही बरीच होती.

पडदा गेला आणि कॅसेटवरची ती सुटी पदं एका घरात राहायला आली. विश्रामपूरच्या राजगायकाची हवेली, तिथून पायउतार झालेले पंडित भानुशंकर, त्यांच्या जागी आलेले खाँसाहेब, आणि पंडितजींकडे शिकायला म्हणून आलेला, आता या परक्या हवेलीत विद्या मागणारा सदाशिव. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिनं केलेला एक खून माफ असतो. आपल्या घराण्याचं गाणं कुणी चोरलं तर ती चालवायला खाँसाहेब तयार आहेत.

या नाटकात एकच पद दोन चालींत येतं. ‘घेई छंद’ पंडितजींच्या गायकीत सालगवराळीत, संथ, एकेक स्वर निगुतीनं ठेवत जातं. तेच शब्द खाँसाहेबांच्या तोंडी धानीत येतात, झपाट्यानं, तानांची बरसात करत. कॅसेटवर मला ती दोन वेगळी गाणी वाटायची. समोर बसून ऐकताना अभिषेकीबुवांनी काय करून ठेवलंय ते उमगलं. दोन घराण्यांचा अख्खा झगडा त्यांनी संवादाविना, नुसत्या चालींतून उभा केला आहे. कोण श्रेष्ठ याचा निकाल ते देत नाहीत. दोन्ही चाली इतक्या सुंदर आहेत की कुणाची बाजू घ्यावी हे ठरतच नाही, आणि तिथंच नाटक पकड घेतं.

त्या संध्याकाळी याला आणखी एक पदर होता. सदाशिव होते महेश काळे, अभिषेकीबुवांच्या घरी राहून शिकलेले शिष्य. वसंतराव 1983 च्या जुलैत गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. आजोबांसमोर बसून तालीम घेणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. ते इतर गुरूंकडे शिकले. म्हणजे रक्ताचं नातं असलेल्यालाही हे गाणं मेहनतीनंच मिळवावं लागलं होतं, आणि रक्ताचं नातं नसलेल्याला ते गुरूनं घरात ठेवून दिलं होतं. विद्या कुणाची, हा दारव्हेकरांचा प्रश्न असा दोन माणसांच्या रूपानं समोर उभा होता. शेवटाकडे कट्यार घेतलेले खाँसाहेब आणि त्यांच्यापुढे गाणारा सदाशिव, या प्रवेशात मला श्वास घेणं जड झालं. खाँसाहेबांचा राग ओसरत जातो तो एकेका सुरानं, आणि राहुल तेव्हा गात नव्हते, ऐकत होते. त्यांचं ते ऐकणं मला त्यांच्या तानांइतकंच मोठं वाटलं.

वन्स मोअर अर्थातच आले. काही जण म्हणतात, त्यानं नाटकाचा ओघ तुटतो. मला ते पटत नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक पहिल्या वेळी पात्राला ऐकतो आणि दुसऱ्या वेळी गायकाला, आणि याच शहरात 1880 साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिल्यापासून मराठी माणसानं ही दुहेरी सवय प्रेमानं जपली आहे.

बाहेर पडल्यावर रिक्षा मिळेपर्यंत आत्या गप्प होती. मीच विचारलं, वसंतरावांसारखं झालं का?

“नाही झालं,” ती म्हणाली. “तसं करायला गेला असता तर मी मध्यंतरातच उठले असते. त्या धानीत त्यानं दोन-तीन जागा स्वतःच्या घेतल्या. तुला कळल्या का?”

मला कळल्या नव्हत्या. रिक्षात बसल्यावर तिनं त्या गुणगुणून दाखवल्या, आधी वसंतरावांची जागा, मग नातवाची, आणि पुढच्या प्रयोगाची जाहिरात पेपरात कधी येते त्यावर लक्ष ठेव म्हणाली.