मी आणि माझे सोनार

लग्नानंतर सौ.च्या माहेरी मी 'सोनारवर असतो' असे सांगितले, तेव्हा तिच्या आजीने विश्वासाने आपल्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. मोडून नव्या घडवायच्या होत्या!

आमचे सोनार युद्धनौकेच्या पोटातले. पाण्यात 'पिंग' असा आवाज सोडायचा आणि परतणारा पडसाद हेडफोन लावून ऐकायचा. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो. चार सेकंदांनी पडसाद आला, तर वस्तू तीन किलोमीटरवर. पण ती पाणबुडी, खडक की माशांचा घोळका? पडसादाचा स्वर किंचित चढला तर ती आपल्याकडे येते आहे, उतरला तर लांब जाते आहे. मला हे चटकन कळे आणि, खोटे कशाला बोलू, त्याचा मला गर्व होता.

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाणबुडीच्या हल्ल्यात 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यानंतर पहाऱ्यावर नुसती जांभई आली तरी छातीत धस्स होई.

पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत ए. पॉलराज यांच्या पथकाने 'अप्सोह' हे देशी सोनार घडवले. १९८३ मध्ये ते नौदलात आले. संगणकाचे युग आमच्याही जहाजावर अवतरले. मी मात्र पडद्याकडे, सासूने नव्या सुनेच्या पोळीकडे पाहावे, तसा पाही.

एकदा आपल्याच पाणबुडीशी सराव चालला होता. पडद्यावर पुसट ठिपके उमटत होते. कानाला काही लागेना. ''काही नाही, लाटा आहेत,'' मी ठासून सांगितले. अर्ध्या तासाने पाणबुडी आमच्या पिछाडीला वर आली. कागदोपत्री आम्ही सगळे बुडालो होतो! त्या रात्री मला जेवण गेले नाही.

समुद्राचा गोंगाट दर पिंगला निराळा. खऱ्या वस्तूचा पडसाद कितीही क्षीण असला तरी तो एका ओळीत सरकत जातो. संगणक कितीतरी पिंगांची टिपणे एकावर एक ठेवून ती ओळ शोधतो. मला मागचा पिंग आठवे, फार तर त्याच्या मागचा. अर्थात यंत्रही माशांच्या घोळक्यांवर ओरडे. मग कप्तान विचारत, ''तुला काय वाटतं?'' आणि मी आधी पडदा नीट पाहून मगच कान लावी.

आता माझ्या कानात श्रवणयंत्र आहे. त्यातही म्हणे चिमुकला संगणक गोंगाट गाळतो. काल सौ.ने विचारले, ''अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?'' मी ठासून सांगितले, ''दोन.''

भात करपला.